गाइडची पेपरांची यादी वाचायची कशी?

प्रश्न असा आहे: "मी नागपूरहून एमएस्सी बायोकेमिस्ट्री केलं, नेट-जेआरएफ मिळालं. न्यूरोइन्फ्लमेशन आणि न्यूरोडिजनरेशनवर काम करणाऱ्या एका शास्त्रज्ञांकडून पीएचडीच्या मुलाखतीचं बोलावणं आलंय. त्यांच्या नावावर 214 पेपर आहेत, एच-इंडेक्स 52. घरचे म्हणतात, आणखी काय हवं? पण यादी उघडली की मला काहीच उमगत नाही. ती वाचायची कशी?"

मी या विषयात, म्हणजे मेंदूतला दाह आणि मेंदूच्या पेशींची झीज यात, पंचवीसेक वर्षं आहे, त्यातली बरीच मायक्रोग्लिया नावाच्या, मेंदूतल्या प्रतिकाराच्या पेशींच्या मागे गेली. निवड समित्यांवर बसून अशा याद्या पुष्कळ चाळल्या आणि काही साफ चुकीच्या वाचल्या. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी तो 52 बाजूला ठेवू. एच-इंडेक्स ही होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवलेली मोजणी. 52 म्हणजे त्यांचे 52 पेपर असे आहेत की प्रत्येकाचा निदान 52 वेळा उल्लेख झालाय. बस्स. ते 52 पेपर कुणी केले, किती टिकले, त्यांतल्या किती पेपरांत तुमच्या होणाऱ्या गाइडचं नाव चौदा लेखकांत नववं होतं, हे त्या आकड्यात कुठेच नाही. आमच्या विषयात आणखी एक मेख आहे. इथे सगळ्यात जास्त उल्लेख होतात ते रिव्ह्यूंचे, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या लेखांचे. प्रस्तावनेतलं पहिलंच वाक्य "अल्झायमरमध्ये मेंदूतला दाह महत्त्वाचा असतो" असं लिहायचं असतं आणि त्याला आधार म्हणून कुठला तरी मोठा रिव्ह्यू चिकटवला जातो. रिव्ह्यू लिहिणं हलकं काम नाही, पण त्यात कुणी उंदराला हात लावलेला नसतो.

तेव्हा पहिलं काम अगदी कारकुनी. यादी कागदावर काढा आणि पेन्सिलीने तीन खुणा करा. रिव्ह्यू आणि संपादकीयं एका खुणेची. जिथे नाव मधेच कुठेतरी आहे ते दुसरीची. जिथे ते पहिले लेखक आहेत, किंवा शेवटचे आणि करस्पॉन्डिंग (पेपरचा पत्रव्यवहार सांभाळणारे) आहेत, ते तिसरीची. जीवशास्त्रात शेवटचं नाव लॅब चालवणाऱ्याचं आणि पहिलं प्रत्यक्ष हात चालवणाऱ्याचं, हा रिवाज तुम्हाला ठाऊक असेलच. आनुवंशिकतेचे मोठे पेपर दुसऱ्या गटात जातात. 2022 मध्ये अल्झायमरशी जोडलेल्या 75 जनुकीय जागा दाखवणारा जो पेपर आला, त्यावर शेकडो नावं आहेत. त्यात नाव असणं मानाचं, पण त्यावरून त्यांची लॅब कशी चालते ते कळत नाही. 214 मधून तिसऱ्या खुणेचे साठ-सत्तर उरले तर ती चांगलीच भरीव यादी आहे. दचकू नका.

हे करताना नावांचा घोळ सांभाळा. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर "पाटील एस" किंवा "कुलकर्णी ए" टाकून बघा, म्हणजे कळेल. आपल्याकडे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर कधी असतं, कधी गळतं. लग्नानंतर आडनाव बदलतं आणि माणूस यादीत दोन ठिकाणी फुटतो. माझेच पहिले सहा पेपर माहेरच्या आडनावाने आहेत आणि एका समितीने मला तोंडावर विचारलं होतं, "2003च्या आधी तुम्ही काय करत होता?" 2012 पासून ऑर्किड (ORCID) क्रमांक आले, प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा एक, त्यामुळे हाल थोडे कमी झाले. तिथूनच यादी घ्या.

आता खरं काम. तिसऱ्या खुणेचे पेपर तळापासून वर वाचा, सगळ्यात जुना आधी. वेबसाइटवर सगळेजण नवं वर ठेवतात, त्यामुळे माणूस आज काय म्हणतो तेवढंच दिसतं. तळापासून वाचलं की तो आधी काय म्हणत होता, कुठे आपटला आणि आपटल्यावर काय केलं, ते दिसायला लागतं. मला विचाराल तर यादीत बघण्यासारखं एवढंच आहे. बाकी मोजदाद.

एक खरी यादी अशी वाचून दाखवते. व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियातले पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर हे दांपत्य. पॅट्रिक मॅकगीर हा माणूसच अचाट. 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून बास्केटबॉल खेळलेला, पुढे प्रांताचा शिक्षणमंत्री झालेला, आणि या सगळ्यात लॅब न सोडलेला. 1987 आणि 1988 मध्ये त्यांनी मरणोत्तर मेंदूंचे काप तपासले. एचएलए-डीआर हे प्रतिकारयंत्रणेतल्या पेशींवर दिसणारं प्रथिन. त्याची अँटिबॉडी लावल्यावर अल्झायमरच्या मेंदूत, आणि पार्किन्सनच्या मेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यात, मायक्रोग्लिया गडद रंगलेल्या दिसल्या. तोवर मेंदू हा प्रतिकारयंत्रणेच्या आवाक्याबाहेरचा मानायची पद्धत होती. मायक्रोग्लियांना 1919 मध्ये स्पेनच्या पियो देल रिओ-ओर्तेगाने नाव देऊन ठेवलं होतं, पण त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नव्हतं. अॅरिझोनात जोसेफ रॉजर्स यांनाही त्याच सुमारास तेच दिसलं.

इथपर्यंतचे पेपर म्हणजे निरीक्षण. 1990 मध्ये लॅन्सेटमध्ये मॅकगीर मंडळींचं एक छोटंसं पत्र आलं: संधिवाताचे रुग्ण वर्षानुवर्षं दाहशामक गोळ्या घेतात आणि त्यांच्यात अल्झायमर अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. 1993 मध्ये रॉजर्स यांच्याबरोबर इंडोमेथासिन या दाहशामकाची सहा महिन्यांची चाचणी. 44 जण सुरुवातीला, पूर्ण केली 28 जणांनी. पोटाच्या त्रासाने बरेच जण गळाले. निष्कर्ष आशादायक. 1996 मध्ये 17 लोकसंख्या-अभ्यासांचा एकत्र आढावा. 2001 मध्ये डच संशोधकांचा, रॉटरडॅममधल्या 6,989 लोकांचा अभ्यास आला आणि त्यानेही तेच सांगितलं: दोन वर्षांहून जास्त काळ अशी औषधं घेणाऱ्यांत अल्झायमर बराच कमी.

बघा, यादी कशी चढत जाते. काप, मग निरीक्षण, मग छोटी चाचणी, मग आढावा. 2001 साली कुणी ही यादी वाचली असती तर म्हणाला असता, प्रश्न सुटलाच. आणि मग मोठ्या चाचण्या झाल्या. 2003 मध्ये 351 रुग्णांवर रोफेकॉक्सिब आणि नॅप्रॉक्सेन ही दाहशामकं वर्षभर: फरक शून्य. अडॅप्ट नावाची चाचणी तर आजार होण्याआधीच औषध देऊन बघत होती, सत्तरी ओलांडलेल्या आणि घराण्यात अल्झायमर असलेल्या अडीच हजारांवर लोकांना. हृदयाच्या धोक्याच्या शंकेने डिसेंबर 2004 मध्ये तिथली औषधं थांबवली आणि जो आकडा हाती आला त्यात संरक्षणाचं चिन्ह नव्हतं.

आता यादीत 2004 नंतरचं बघायचं. मॅकगीर यांनी बाजू सोडली नाही. औषध फार उशिरा दिलं, दाह लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होतो, असं ते शेवटपर्यंत मांडत राहिले. पुढे ऑरिन बायोटेक नावाची कंपनीही काढली. यात वैज्ञानिक म्हणून वावगं काही नाही. पण वाचणाऱ्याने दोन प्रश्न विचारायला हवेत. पडलेल्या चाचण्या ते आपल्या लिखाणात सांगतात की गाळतात? ते सांगतात, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर आहे. दुसरा प्रश्न: "उशीर झाला" हे उत्तर खोटं ठरवण्याची काही वाट ते ठेवतात का? इथे मी जरा अडखळते. कितीही आधी औषध दिलं तरी "अजून आधी द्यायला हवं होतं" म्हणता येतंच की. तुमच्या शास्त्रज्ञांच्या यादीत अशी जागा नक्की सापडेल, प्रत्येकाच्या सापडते. माझ्याही आहे.

मधेच एक भाषेची गोष्ट. आपण इन्फ्लमेशनला सूज म्हणतो आणि ओपीडीत त्याने घोळ होतो. "मेंदूत इन्फ्लमेशन आहे" म्हटलं की नातेवाईक डोकं फुगल्यासारखं काहीतरी समजतात, नाहीतर मेंदूज्वर. अल्झायमरमधला दाह तसा नसतो. ताप नाही, पू नाही; सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींनी फांद्या आखडून घेतलेल्या, अंग गोलसर झालेलं, आसपास सायटोकाइन्स, म्हणजे दाहाचे निरोप नेणारी प्रथिनं, झिरपताहेत, आणि हे सगळं वर्षानुवर्षं धुमसत राहतं. मी "धुमसणं" म्हणते, विद्यार्थ्यांना पटकन कळतं. अमली पदार्थातल्या एमपीटीपी या भेसळीने पार्किन्सन झालेल्या तीन जणांचे मेंदू 1999 मध्ये तपासले गेले, ते विष अंगात गेल्यावर 3 ते 16 वर्षांनी. मायक्रोग्लिया तेव्हाही न्यूरॉनभोवती गोळा झालेल्या होत्या. धुमसणं ते हे.

आणि आपल्या विदर्भाला मेंदूतल्या दाहाची दुसरी, भडका उडणारी बाजू जास्त ओळखीची आहे. मुलांना मेंदूज्वर आणणारा चांदीपुरा विषाणू नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातूनच 1965 मध्ये पुण्याच्या विषाणू संस्थेने वेगळा केला. तेव्हा हा विषय अल्झायमरपुरता नाही, हे मुलाखतीत तुम्ही सहज म्हणू शकता.

शब्दांकडे परत येते, कारण यादीतले शब्द फार बोलतात. 2005 पर्यंत सगळे "रेस्टिंग" आणि "अॅक्टिव्हेटेड" मायक्रोग्लिया म्हणायचे. त्या वर्षी जिवंत उंदराच्या कवटीला पातळ खिडकी करून दोन गटांनी या पेशी हलताना पाहिल्या. म्हणे विश्रांती घेणाऱ्या, त्या तर सारख्या फांद्या पुढे-मागे करत गस्त घालत होत्या. मग एम1 आणि एम2 आलं, दुष्ट आणि सुष्ट, मेंदूबाहेरच्या मॅक्रोफेज या प्रतिकाराच्या पेशींकडून उसनं घेतलेलं. 2016 मध्ये रिचर्ड रॅन्सोहॉफ यांनी सरळ लिहिलं की हे वर्गीकरण टाकून द्या. 2017 मध्ये एकेका पेशीचं आरएनए वाचून इस्राएलच्या गटाने आजाराशी जोडलेल्या मायक्रोग्लियांची वेगळी अवस्था दाखवली. त्याच वर्षी अॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या दुसऱ्या पेशींचं ए1-ए2 आलं आणि चार वर्षांत त्याच क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन सांगितलं की ही जोडीही वापरू नका. 2022 मध्ये मायक्रोग्लियांच्या नावांबद्दल तसंच मोठं एकमत-पत्र निघालं.

तुमच्या यादीत 2023 आणि 2024 च्या पेपरांची शीर्षकं बघा. अजून "एम1कडून एम2कडे वळवले" असं दर तिसऱ्या शीर्षकात असेल, आणि प्रत्येक वेळी नवी वनस्पती, नवा अर्क, हळद, अश्वगंधा, पण आकृत्या त्याच पाच, तर समजून जा. ती लॅब प्रश्न विचारत नाही, साचा भरते. हळदीवर माझा राग नाही. साच्यावर आहे.

सगळ्यात मोठं वळण आलं 2013 मध्ये. ट्रेम2 नावाचं जनुक, मेंदूत जवळजवळ फक्त मायक्रोग्लियांत चालणारं. त्यातला एक दुर्मीळ बदल असलेल्यांना अल्झायमरचा धोका जवळपास तिप्पट, असं दोन गटांनी एकाच अंकात दाखवलं. एक गट आइसलँडमधला. आणि तो बदल ट्रेम2चं काम कमी करतो. म्हणजे ज्यांच्या मायक्रोग्लिया नीट खवळत नाहीत त्यांना आजार जास्त. वीस वर्षं आम्ही दाह दाबायच्या गोष्टी करत होतो. मला तो पेपर वाचल्याचं आठवतं. जर्नल क्लबमध्ये एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मग आता आपल्या ग्रँटचं शीर्षक उलटं करायचं का?" सगळे हसले, पण कोणाला फार हसू येत नव्हतं. नंतर ट्रेम2 चेतवणारी अँटिबॉडी बनली. तिची दुसऱ्या टप्प्यातली चाचणीही नोव्हेंबर 2024 मध्ये अपयशी ठरली. दाबूनही नाही, चेतवूनही नाही. तुमच्या शास्त्रज्ञांचे 2013 आधीचे आणि नंतरचे पेपर शेजारी ठेवा. ट्रेम2चा उल्लेखच नसेल, किंवा "आमच्या आधीच्या मताशी हे जुळतं" असं ओढूनताणून बसवलेलं असेल, तर एक गोष्ट कळते. आपलं जुनं मत बदलल्याचं स्वच्छ सांगितलं असेल, तर दुसरी.

आता मेथड्सकडे. शीर्षक आणि अॅबस्ट्रॅक्ट वाचून यादी संपवणारे खूप. मीही त्यांतलीच होते. एक प्रसंग सांगते, माझ्याच बाकावरचा.

मायक्रोग्लिया वाढवायच्या म्हणजे नवजात पिल्लांच्या मेंदूच्या पेशी फ्लास्कमध्ये दहा-बारा दिवस ठेवायच्या, मग फ्लास्क शेकरवर हलवायचा. वरवर चिकटलेल्या मायक्रोग्लिया सुटून येतात. त्यांच्यावर आम्ही अल्फा-सिन्यूक्लिन घालत होतो, पार्किन्सनमध्ये साठणारं प्रथिन. टीएनएफ हे दाहाचं सायटोकाइन मोजलं, आकडे असे वर गेले की एलायझाची (प्रथिन रंगावरून मोजायच्या चाचणीची) प्लेट गडद पिवळी. तीन महिने आम्ही खुशीत. पोस्टर झालं, पेपरचा मसुदा झाला. मग लॅबमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, जनुक न घातलेल्या बॅक्टेरियातून हेच शुद्धीकरण करून घालू का?" मी म्हटलं, कर. त्या रिकाम्या तयारीनेही टीएनएफ तितकंच वर गेलं. अल्फा-सिन्यूक्लिन आम्ही ई. कोलाय जिवाणूत बनवत होतो आणि त्याच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन प्रथिनाबरोबर येत होतं. मायक्रोग्लियांना त्याचा कणभर अंश पुरतो. पॉलिमिक्सिन बी घातलं, एंडोटॉक्सिन बांधलं गेलं आणि आमचा सगळा परिणाम खलास. (इतर प्रथिनांत उकळून बघतात: प्रथिन बिघडतं, एंडोटॉक्सिन तसंच राहतं. अल्फा-सिन्यूक्लिन मात्र उकळूनही टिकतं, म्हणून ती युक्तीही इथे फसवी.) मसुदा फायलीत गेला. त्या मुलीचं नाव पुढच्या पेपरवर पहिलं आलं.

तेव्हापासून कुठलाही मायक्रोग्लियाचा पेपर आला की मी मेथड्समध्ये "एंडोटॉक्सिन" हा एक शब्द शोधते. प्रथिन जिवाणूत बनवलंय, मायक्रोग्लियांवर घातलंय आणि हा शब्दच नाही, तर पुढचं सगळं शंका ठेवूनच वाचते. असाच दुसरा शब्द बीव्ही-2. उंदराच्या मायक्रोग्लियांत कर्करोगाची जनुकं घालून 1990 मध्ये बनवलेली, कधी न मरणारी पेशींची ओळ. स्वस्त, सोपी, सुरुवातीच्या चाचणीला चालते. पण शीर्षकात "मेंदू" आणि आत फक्त बीव्ही-2, असे पेपर यादीत किती, ते मोजाच.

उंदरांची संख्याही बघा. मिनोसायक्लिन हे मुरुमांसाठी देतात ते अँटिबायोटिक. ते मायक्रोग्लियांना शांत करतं. 2002 मध्ये नेचरमध्ये आलं की एएलएसच्या (स्नायू चालवणारे न्यूरॉन मरत जाण्याच्या आजाराच्या) उंदरांत त्याने आजार लांबतो. मग 412 रुग्णांवर मोठी चाचणी झाली, 2007 मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांची प्रकृती डमी गोळी घेणाऱ्यांपेक्षा वेगाने ढासळली. फायदा नव्हता, एवढंच नाही, नुकसान होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या एका संस्थेने पाच वर्षांत 18,000 उंदरांवर केलेल्या तपासण्यांचा हिशेब मांडला. निष्कर्ष बोचरा होता: पूर्वी छापलेले बरेचसे औषधी परिणाम म्हणजे थोड्या उंदरांमुळे दिसलेला योगायोग, आणि मिनोसायक्लिनही त्यांतलंच. एकाच विणीतली पिल्लं दोन्ही गटांत वाटली का, नर-मादी समान ठेवले का, एवढ्यानेही निकाल फिरतो. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात ठीक आहे, उंदरांच्या पिंजऱ्यात नाही.

याच औषधाची आपल्याकडची एक पायवाट मला आवडते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसू यांच्या लॅबने जपानी मेंदूज्वराच्या उंदरांत मिनोसायक्लिन उपयोगी दिसतं, असं 2008 मध्ये दाखवलं. बहुतेक लॅब तिथे थांबतात आणि पुढच्या औषधाकडे वळतात. इथे लखनौच्या डॉक्टरांबरोबर 281 रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. तीन महिन्यांतल्या मृत्यूंत ठोस फरक सिद्ध झाला नाही, काही उपगटांत आशेची चिन्हं होती, आणि 2016 मध्ये तसंच छापलं. उंदरावरचा दावा माणसावर नेऊन, उत्तर मनासारखं न आल्यावरही ते आपल्याच नावाने छापणं: तुमच्या यादीत असा एक पेपर सापडला तर त्याला मी दहा "वळवले" शीर्षकांपेक्षा जास्त गुण देईन.

चित्रांबद्दल थोडक्यात, कारण याविषयी खूप बोललं जातं. एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी 20,621 पेपर डोळ्यांनी तपासले आणि 3.8 टक्क्यांत चित्रं पुन्हा वापरल्याचं वगैरे आढळलं, 2016ची गोष्ट. अल्झायमरमध्ये 2006 सालचा मिनेसोटा विद्यापीठाचा नेचरमधला पेपर प्रसिद्धच आहे: उंदरांत स्मृती घालवणारा अॅमिलॉइडचा, म्हणजे अल्झायमरमध्ये साठणाऱ्या प्रथिनाचा, एक विशिष्ट गुच्छ. दोन हजारांहून अधिक वेळा त्याचा उल्लेख झाला, 2022 मध्ये त्याच्या वेस्टर्न ब्लॉटच्या (प्रथिन ओळखायच्या एका चाचणीच्या) बँडवर उघड शंका आल्या आणि जून 2024 मध्ये तो मागे घेतला गेला. बँड म्हणजे काय तर करड्या पट्टीवरची काळी रेघ. दोन रेघांच्या कडेचा बारीकसा ठिपका सारखा असेल, पार्श्वभूमीचा दाणेदार पोत अचानक एका सरळ रेषेत तुटत असेल, तर तिथे थांबायचं. मोबाइलवर वाचू नका, पीडीएफ चारशे टक्के मोठी करा.

पण यादीत "करेक्शन" दिसलं म्हणून पळूही नका. स्वतःहून, वेळेवर, मूळ चित्रासकट केलेली दुरुस्ती हे चांगलं लक्षण. पबपीअर या, छापलेल्या पेपरांवर शंका मांडायच्या वेबसाइटवर कुणी शंका काढली आणि करस्पॉन्डिंग लेखकाने आठवड्याभरात मूळ ब्लॉट टाकले, तर मी त्या माणसाकडे विद्यार्थी पाठवीन. वर्षानुवर्षं प्रश्न तसाच लटकलेला असेल तर नाही. आणि यादीतले पेपर कुठे छापले तेही बघा. 2023 मध्ये हिंदावी या प्रकाशकाने एका वर्षात आठ हजारांहून अधिक पेपर मागे घेतले. एखाद्या विशेषांकात एखादा अडकणं दुर्दैव असू शकतं, एकाच वर्षात असे नऊ म्हणजे सवय.

एक चूक माझी. समितीवर असताना एका उमेदवाराच्या यादीत 2014 ते 2017 काहीच नव्हतं. मी लिहिलं, "सातत्य नाही." नंतर कळलं, त्या काळात तिने स्वतःच्या लॅबसाठी मरणोत्तर मानवी मेंदूंचे नमुने गोळा करायची व्यवस्था उभी केली होती: परवानग्या, नातेवाइकांशी बोलणं, मृत्यूनंतर किती तासांत मेंदू गोठवला याच्या नोंदी. बंगळूरच्या निम्हान्समध्ये 1995 पासून अशी मेंदूपेढी आहे; त्यामागे किती वर्षांचं काम असतं ते मला माहीत असायला हवं होतं. त्या रिकाम्या वर्षांतून पुढचे सगळे चांगले पेपर आले. यादीतली पोकळी दिसली तर तिच्या नंतर काय आलं ते आधी बघा.

आता तुमच्या कामाचं. तिसऱ्या खुणेच्या पेपरांतले फक्त पहिले लेखक वेगळ्या कागदावर उतरवा. हे लॅबचे विद्यार्थी. प्रत्येक नाव किती वर्षं दिसतं? एकदा दिसून गायब होणारी किती? एकाच पोस्टडॉकच्या नावाने सगळं आणि पीएचडीची मुलं कायम तिसऱ्या-चौथ्या जागी, असं आहे का? "समान योगदान"ची चांदणी एकाच माणसाला वारंवार लागते का? ही नावं नंतर कुठे आहेत ते शोधा. त्यांतल्या दोघांना लिहा. "गाइड कसे आहेत" असं विचारू नका, त्याला सगळे "छान" म्हणतात. विचारा, "तुमचा पहिला पेपर पाठवायला किती वर्षं लागली, आणि जे प्रयोग फसले त्यांचं काय झालं?" उत्तर लांबलचक आलं तर ते बहुधा चांगलं असतं. एका ओळीत आलं तर फोन मागा.

मुलाखतीत तुम्हाला शेवटी विचारतील, काही प्रश्न आहे का. तेव्हा त्यांचा कुठला तरी जुना, तिसऱ्या खुणेचा पेपर नाव घेऊन विचारा, की हा निकाल तुमच्याच लॅबमध्ये नंतर पुन्हा आला का. उद्धटपणा वाटेल अशी भीती वाटते, ठाऊक आहे; आवाज साधा ठेवा. मी हा प्रश्न ऐकलाय, दोनदा. पहिल्यांदा मी सारवासारव केली होती. दुसऱ्यांदा कपाट उघडून अल्फा-सिन्यूक्लिनच्या त्या न छापलेल्या मसुद्याची फाइल त्या मुलासमोर ठेवली. तो आता माझ्याकडे चौथ्या वर्षाला आहे.